बुधवारचं घोंगडं

आमच्या हिच्या मामांनी माझा जितका अपमान केला तितका या जगात दुसऱ्या कोणीही केलेला नाही, आणि तोही दर बुधवारी, दिवेलागणीनंतर, सर्वांच्या देखत. शाळा तपासायला येणारे दिपोटी माझा अपमान करत, पण वर्षातून एकदा, आणि जाताना हार घालून घेत. पोरं करत, त्यांना बाकावर उभं करता येई. पण बायकोचा मामा, तोही रेल्वेत गार्ड म्हणून उभं आयुष्य काढून निवृत्त झालेला, अंगानं दरवाजाएवढा, आवाज कसाऱ्याच्या घाटात ऐकू जाईल असा, आणि नात्यानं मी ज्याच्यापुढे मान खाली घालायची असा. या माणसाचं काय करायचं हे मला ट्रेनिंग कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. लोक म्हणत, "मास्तर, तुमचे मामा म्हणजे संत माणूस." म्हणू देत. संत दुसऱ्याच्या घरचा असला की असं बोलायला काही लागत नाही.

शहापुरात तेव्हा आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं बोटांवर मोजावीत इतकी. चर्चची इमारत नव्हती. रविवारची उपासना शाळेच्या खोलीत व्हायची आणि पाळकसाहेब कल्याणहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी शास्त्रपाठ वाचायचं काम माझ्याकडे असे. म्हणजे मंडळीत माझं काही एक स्थान होतं, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं, कारण मामांनी ते कधीच ठेवलं नाही. निवृत्त होऊन ते शहापुरात एकटेच राहायला आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की रविवारी माणसं एकमेकांच्या पाठी बघतात, तोंडं बघायला वेगळा वार पाहिजे. तो वार बुधवार. त्यांच्या ओटीवर एक काळं घोंगडं अंथरलेलं असे आणि त्याच्या चारी कडांना गुडघ्याला गुडघा लावून सगळ्यांनी बसायचं. मधे कंदील. खुर्ची नाही, पाट नाही, भिंतीला टेकायचं नाही. पाळकसाहेब पहिल्यांदा बुधवारी यायचे होते तेव्हा त्यांच्यासाठी शाळेतली खुर्ची मी स्वतः डोक्यावरून वाहून आणली. मामांनी ती माझ्या हातून घेतली, अंगणात नेऊन ठेवली आणि म्हणाले, "बरं झालं आणलीत जावईबापू. सगळ्यांच्या टोप्या ठेवायला जागा नव्हती." पाळकसाहेब कडक इस्त्रीच्या पाटलोणीसकट घोंगड्यावर बसले. उठताना त्यांच्या पाटलोणीला लागलेली लोकर मी झटकत होतो आणि मामा दाराशी उभे राहून हसत होते.

पण खरा जुलूम होता तो दिव्याचा. गार्डाच्या हातात असतो तसला दिवा, वरचा खटका फिरवला की कधी पांढरा, कधी तांबडा, कधी हिरवा उजेड देणारा. तो त्यांनी रेल्वेला परत का केला नाही हे मी विचारलं नाही. मी लोकलबोर्डाचा नोकर होतो, असल्या गोष्टी मला कळायला नको होत्या. बुधवारी प्रत्येकानं पाळीपाळीनं बोलायचं, आणि सगळ्यांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही, असा कायदा होता. कोणी लाजत बसला की मामा त्याच्याकडे हिरवा दिवा करायचे. कोणी लांबण लावली की तांबडा. तांबडा दिवा जर महिन्यात कोणाच्या तोंडावर सर्वांत जास्त पडत असेल तर तो माझ्या. आणि त्या उजेडात माणसाचं तोंड मुळातच चोरासारखं दिसतं.

एकदा मी क्षमा या विषयावर बोलायची तयारी करून गेलो होतो. क्षमेचे प्रकार केले होते, प्रत्येक प्रकाराला शास्त्रातला दाखला काढला होता. पहिला प्रकार संपायच्या आत दिवा तांबडा झाला. "मास्तर, हे रविवारचं झालं," मामा म्हणाले. "आज बुधवार. तुमचं कोणाशी वाकडं हाय, त्याचं नाव सांगा." आता माझं वाकडं होतं योसेफशी. हा लाकडाच्या वखारीवरचा राखणदार, माझा शेजारी, आणि त्याच वेळी माझ्या समोरच्या कडेला बसलेला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी मी म्हणालो, "याची शेळी माझा मुळा खाते." योसेफ म्हणाला, "मास्तरांनी शेळीला दगड मारला, ती लंगडती हाय." त्यानंतर चहा येईपर्यंत क्षमेचं नाव निघालं नाही, फक्त शेळी. दुसऱ्या दिवशी सकाळी योसेफ वखारीतल्या फळ्या घेऊन आला आणि त्यानं माझ्या मुळ्याला कुंपण घातलं, आणि मी त्या शेळीच्या पायाला हळद लावली. त्या दिवसापासून आमची मैत्री आहे. पण मी विचारतो, शेळीविषयी बोलून मनं जुळतात आणि क्षमेविषयी बोलून जुळत नाहीत, हे जर मी कबूल केलं तर माझ्या शिक्षणाला काय किंमत राहिली?

बुधवारी गैरहजर राहणं तर शक्यच नव्हतं. जो आला नाही त्याच्या घरी सगळ्यांनी उठून जायचं, हा मामांचा दुसरा कायदा. योसेफ एकदा कशावरून तरी रुसून आला नाही. मामांनी घोंगड्याची गुंडाळी काखेत मारली, दिवा उचलला आणि आम्हा सगळ्यांना घेऊन वखारीवर गेले. तिथं सागाच्या ओंडक्यांमध्ये घोंगडं अंथरलं आणि म्हणाले, "आता तू जाशील कुठं?" रुसव्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. योसेफ थोडा वेळ ओंडक्यावर पाठ करून बसला आणि मग खाली येऊन आपल्या कडेला बसला. हे त्याचं झालं. मी हिवतापानं फणफणलेला असतानाही हे लोक आले, माझ्या खाटेशेजारी घोंगडं घातलं आणि मी चादरीखाली दात वाजवत असताना त्यांची बैठक चालली. एवढ्यानं भागलं नाही. पाळी फिरत फिरत आली तेव्हा मामांनी माझ्या तोंडावर हिरवा दिवा धरला. मी म्हणालो, "मला तुम्हा सगळ्यांचा कंटाळा आला आहे." मामांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "बघा," ते म्हणाले, "आज मास्तर बुधवारचं बोलले."

आणि हे सगळ्यांना बोलतं करणारे गृहस्थ स्वतः मात्र कधी बोलत नसत. पाळी फिरून त्यांच्यापाशी आली की ते गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि "चहा टाकतो" म्हणून आत जायचे. दर बुधवारी. चहा चांगला असायचा, लढाईच्या दिवसांत साखर मिळेना तेव्हा गुळाचाही चांगला असायचा, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. मी एकदा घेतली. त्यांनी मला कप दिला नाही.

एवढं सगळं असून मी दर बुधवारी का जात होतो, असं कोणी विचारील. मी हिच्यासाठी जात होतो. आमचा पहिला मुलगा चालायला लागायच्या आतच घटसर्पानं गेला. त्यानंतर ही घरात सगळं करायची, रांधायची, झाडायची, पण बोलायची नाही. "मीठ संपलं," "पाणी तापलं," एवढंच. मी समजूत घातली, रागावलो, शास्त्रातली वचनं वाचून दाखवली. काही उपयोग झाला नाही. बुधवारी मात्र ती यायची आणि मार्थाबाईंच्या शेजारी बसायची. मार्थाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, मुलगा गेला तेव्हा त्याच्या उशाशी त्याच होत्या. हिची पाळी आली की मामा तिच्यापुढे हिरवा दिवा कधी करत नसत. पांढरा ठेवायचे, गुडघ्यावर धरायचे आणि थांबायचे. सगळं घोंगडं थांबायचं. मग पाळी पुढं जायची. सबंध पावसाळा असाच गेला. नंतर एका बुधवारी ही खाली बघत म्हणाली, "त्याची झबली पेटीत आहेत. उन्हात घालावीत म्हणते, पण हात लागत नाही." मी काहीतरी सांत्वनाचं वचन म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्यावर तांबडा दिवा पडला. मार्थाबाई म्हणाल्या, "उद्या दुपारी मी येते. दोघी मिळून घालू." दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर दोरीवर झबली वाळत होती आणि दोघी पायरीवर बसून बोलत होत्या. बोलत होत्या, हे मी पुन्हा सांगतो.

आता या पार्श्वभूमीवर मामांनी पुढे जे केलं ते पाहा. लढाई जवळ आली तशी मुंबईची माणसं बॉम्बच्या भीतीनं मिळेल त्या गावी जाऊन राहू लागली. आपलीही काही ख्रिस्ती कुटुंबं शहापुरात आली आणि साहजिकच बुधवारी येऊ लागली. गुडघ्यावर गुडघे चढले. एक थोराड गृहस्थ तर अर्धे घोंगड्यावर आणि अर्धे उंबऱ्यावर बसत. पाळी शेवटच्या माणसापर्यंत पोचायच्या आत कंदिलातलं तेल संपायचं, आणि रॉकेल तेव्हा मिळत होतं कुठं? मला वाटलं, आता मामा बाकं आणतील, जागा मोठी घेतील, एखादा वक्ता नेमतील. वक्ता कोण याबद्दलही माझा काही एक अंदाज होता. मामांनी एक बुधवार नुसती नजर फिरवली आणि म्हणाले, "घोंगडं भरलं. आता दोन करायची."

"दोन म्हणजे?" मी विचारलं.

"दुसरं घोंगडं मार्थाबाईंच्या घरी. मार्थाबाई तिकडं, बाय इकडं." बाय म्हणजे आमची ही. "मुंबईच्या मंडळीत एक पोरगी हाय, तोंडातून शब्द काढीत नाय. तिच्या बाजूला आता बाय बसल. बाय आता बोलती झाली."

माझा संताप संताप झाला. एवढ्या प्रयासानं जिच्या तोंडून चार शब्द निघाले तिला तिच्या एकुलत्या एक मैत्रिणीपासून उठवायचं, आणि कशासाठी, तर घोंगडं लहान पडतं म्हणून. मी मामेसासऱ्यापुढे प्रथमच आवाज चढवला. म्हणालो, "मामा, घोंगडी बाजारात मिळतात. आणखी एक आणून शिवा त्याला. माणसं तोडू नका."

"मोठं घोंगडं केलं तर कोण आला, कोण नाय आला ते दिसत नाय," मामा म्हणाले. "मग त्याच्या घरी कोण जाणार?"

"ते काही असो. कोणाला उठवायचं असेल त्याला उठवा. या दोघींना उठवायचं नाही."

मामांनी दिवा हातात घेतला. मला वाटलं, आता तांबडा पडणार. पण त्यांनी तो पांढराच ठेवला आणि हिच्याकडे पाहिलं. हिनं मार्थाबाईंचा पदर धरला होता, लहान मूल धरतं तसा. मामा म्हणाले, "बरं," आणि चहा टाकायला आत गेले.

पुढच्या बुधवारी आम्ही गेलो तर घोंगडं अंथरलेलं, कंदील पुसलेला, दिवा जागेवर, आणि मामा नव्हते. घराची किल्ली मार्थाबाईंकडे होती. निरोप एवढाच होता की धसईला चाललो, तिथं बाजारात बसणारा शांतवन शिंपी आणि त्याची बायको ही दोघंच आपली आहेत, वाट बघू नका. घोंगडं भरलं की कोणीतरी उठून दुसरं घालायचं, हा कायदा दुसऱ्यांना लावता येईना तेव्हा या गृहस्थांनी तो स्वतःला लावला होता. कोणाला न विचारता, न सांगता, माझ्याशी धड भांडण पुरं न करता. मी पाय आपटत ओटीवर फेऱ्या घालत होतो. ती न बोलणारी मुंबईची पोरगी कुठं बसावं हे न कळून दाराशी उभी होती. हिनं तिला हाताला धरून आणलं आणि मामांच्या जागेवर, आपल्या दुसऱ्या बाजूला बसवलं. मग म्हणाली, "आज मामा आले नाहीत."

"ते दिसतंच आहे," मी म्हणालो.

"जो आला नाही त्याच्या घरी जायचं असतं."

धसई काही वखारीइतकी जवळ नव्हती. पण हिनं पुढचा बुधवार सोडून त्याच्या पुढचा ठरवला आणि ती ऐकेना, आणि खरं सांगायचं तर हिला असं हट्टाला पेटलेली पाहून मला इतकं बरं वाटलं की मी मुकाट्यानं रजा टाकली. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारी तेव्हा कोळशाच्या धुरावर चालायच्या. चढ आला की आम्ही उतरून ढकलायचो आणि काळ्या तोंडांनी परत बसायचो. मुरबाडला पोचलो तेव्हा आम्ही कोण ते आमचं आम्हाला ओळखू येईना. पुढं भात पोचवून परत चाललेल्या दोन बैलगाड्या मिळाल्या. गाडीवान म्हातारा होता. एवढी माणसं आणि हिच्या मांडीवर तो दिवा बघून त्यानं विचारलं, "कोणाचं लगीन हाय रं?"

"लगीन नाय," योसेफ म्हणाला. "आमचा एक माणूस गैरहजर हाय."

"एका माणसासाठी येवढी? मोठा सावकार दिसतो."

"नाय, गार्ड हाय."

म्हाताऱ्यानं वळून एकदा आमच्याकडे पाहिलं आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

शांतवनच्या पडवीत नवं कोरं घोंगडं अंथरलं होतं. त्याच्या एका कडेला शांतवन आणि त्याची बायको, आणि समोर मामा. बाकी सगळं घोंगडं रिकामं. आम्हाला बघून मामा उभे राहिले आणि कडाडले, "कोणाला विचारून आलात? गाव सोडून इतकी माणसं? तिकडचं घोंगडं कोण सांभाळतंय?"

ही म्हणाली, "मामा, तुम्ही मागच्या बुधवारी आला नाहीत. त्याच्या मागच्याही नाही."

मामा खाली बसले. आम्ही काळ्या तोंडांनीच घोंगड्याच्या कडा धरल्या, मावले नाहीत ते शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले, आणि बैठक सुरू झाली. शांतवन बोलला, मार्थाबाई बोलल्या, मी बोललो, आणि तेही फार थोडं. पाळी मामांपाशी आली. त्यांनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठता उठता म्हणाले, "चहा टाकतो." शांतवनची बायको म्हणाली, "चहा मी कवाच ठेवला, मामा. तुमी बसा."

मामा बसले. दिवा हिच्याकडे होता. हिनं तो पांढरा ठेवला, गुडघ्यावर धरला आणि थांबली. सगळे थांबले. मला ते बघवेना, म्हणून मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी असं ठरवून तोंड उघडलं, आणि माझ्या लग्नाच्या बायकोनं माझ्यावर तांबडा दिवा धरला. मग पुन्हा पांढरा केला.

"मला शहापुरात करमत व्हतं," मामा शेवटी म्हणाले. त्यांचा तो घाटातला आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "सगळी उमर गार्डाच्या डब्यात गेली. गाडीभर माणसं पुढं, नि मी एकटा मागं. बायको गेली तवाबी मी डब्यातच व्हतो. घरी परत आलो तर बोलायला माणूस नाय. म्हणून ते घोंगडं." त्यांनी घोंगड्याची दुमडलेली कड सरळ केली. "हितं बुधवारी दुपारपासून कान रस्त्याकडं असतात. तुमी येणार नाय हे ठावं असून."

योसेफनं नाक ओढलं. मी वखारीतल्या सागाच्या ओंडक्यासारखा बसलो होतो. ही म्हणाली, "मग चला आमच्याबरोबर."

"माझ्या जाग्यावर कोण बसलंय?"

"ती मुंबईची मुलगी."

"तुझ्या बाजूला?"

"हो. परवा माझ्याशी बोलली. थोडंच बोलली."

"मग झालं," मामा म्हणाले. "माझी जागा भरली. आता मी हितलाच." आणि चहा आल्यावर त्यांनी पहिला कप मला दिला, जो त्यांनी शहापुरात कधी दिला नव्हता.

ते परत आले नाहीत. एवढी माणसं कोळसा खात घ्यायला आली, तरी नाहीत. या हेकटपणाला काय म्हणावं? पुढं शांतवनचे नातलग येऊ लागले, मग बाजारातली शेजारपाजारची शेतकरी मंडळीही यायला लागली, ज्यांचा आमच्या धर्माशी काही संबंध नव्हता, पण ओटीवर बोलावून "तुमचं काय चाललंय" असं विचारणारं कोणी आहे एवढं त्यांना पुरत होतं. धसईचं घोंगडंही भरलं. मामा उठले आणि मुरबाडला गेले. प्रत्येक वेळी ते बुधवारी आले नाहीत म्हणून आम्ही त्यांच्यामागे जायचं, त्यांनी ओरडायचं, मग हिनं पांढरा दिवा धरायचा आणि त्यांनी दोन वाक्यं बोलायची, असं वर्षानुवर्षं चाललं. या माणसाला भेटायला मी बैलगाडीत जेवढे धक्के खाल्ले तेवढे दुसऱ्या कशासाठी खाल्ले नाहीत.

मुरबाडचं घोंगडं भरायच्या आतच ते गेले. गेले तेही मंगळवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला गैरहजर राहिले, आणि या वेळी कोणाला घर सांगून गेले नाहीत. त्यांचं ते काळं घोंगडं आता आमच्याकडे असतं, आणि बुधवारी त्याच्या कडेला माणसं बसतात. दिवा हिच्या हातात असतो. तांबडा अजूनही बहुतेक माझ्यावरच पडतो. जो आला नाही त्याच्या घरी सगळ्यांनी जायचं, हा कायदाही चालू आहे, आणि म्हणून मला त्या माणसाचा राग येतो. आमच्यातला एक माणूस किती बुधवार झाले आलेला नाही आणि आम्हाला त्याच्या घरी जाता येत नाही. कधीतरी जाऊ, तसा आमचा विश्वास आहे. पण परवा मी हिला म्हणालो की मामांचा काही भरवसा नाही, आपण एवढ्या लांब जायचं आणि ते दारातच सांगायचे की घोंगडं भरलंय. ही झबली शिवत होती. मार्थाबाईंच्या दवाखान्यातल्या बाळंतिणींसाठी ती आता शिवते. मान वर न करता ती म्हणाली, "भरलं असलं तर ते स्वतः उठतील."